ऑफिसच्या नेटवर कोण काय बघतं, हे मालकाने बघावं का?

शरणपूररोडकर:
शरणपूर रोडला आमचं सीएचं छोटं ऑफिस. आर्टिकलची, म्हणजे हाताखाली सीए शिकणारी पोरं धरून बारा माणसं, एक फायबर लाइन, एकच राउटर. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, नेट रांगायला लागतं. चक्कर मारली की एका स्क्रीनवर मॅच, दुसरीवर शेअर मार्केटचा चार्ट, आणि मी दिसलो की खटाखट टॅब बंद. आमचं नेटवर्क बघणारा म्हणतो, जुना पीसी मध्ये टाकून त्यावर स्क्विड प्रॉक्सी बसवू, म्हणजे सगळ्यांचं नेट त्यातूनच जाईल. कोण कुठल्या साइटवर गेलं त्याची यादी रोज संध्याकाळी तुमच्या मेलवर.

माझं मत सरळ आहे. लाइन माझी, मशीन माझं, वेळेचे पैसे मी देतो, तेव्हा बघण्याचा हक्कही माझा. आणि हे कोणाला सांगायची गरज नाही. सांगितलं की सगळे मोबाइल डेटावर जाणार आणि यादी धुतल्यासारखी स्वच्छ येणार. पटत नसेल तर कारण सांगा.

अंबड_शिफ्ट:
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे कारखान्याच्या गेटवर डबा उघडून दाखवावा लागतो, मोबाइल लॉकरमध्ये. आजवर कोणी प्रायव्हसीचं नाव काढलं नाही. एसीत बसणाऱ्यांनाच ही नाजूक दुखणी.

पोर्ट_५३:
हक्काचं नंतर बघू. आधी त्या यादीत काय येणार ते बघा, कारण तुम्हाला वाटतंय ते येणार नाही. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर आहेत. प्रॉक्सीला साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. यूट्यूब उघडलं एवढं कळेल. जीएसटीच्या नव्या फॉर्मचा व्हिडिओ होता की लावणी, ते नाही कळणार.

शिवाय बातमीच्या साध्या पानातही फेसबुकचे, गूगलच्या जाहिरातींचे तुकडे असतात. ब्राउझर तेही ओढतो. लॉगमध्ये, म्हणजे प्रॉक्सीच्या नोंदीत, फेसबुक उमटतं आणि माणसाने ते उघडलेलंच नसतं. व्हॉट्सअ‍ॅप वेब सकाळी लावून ठेवलं की दिवसभर जोडलेलं राहतं; यादी म्हणणार, दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप. असल्या यादीवरून तुम्ही कोणाला केबिनमध्ये बोलावणार?

आतलं पान बघायचं तर प्रत्येक मशीनवर आपलं रूट सर्टिफिकेट (ब्राउझरने प्रॉक्सीवर विश्वास ठेवावा म्हणून दिलेलं डिजिटल ओळखपत्र) टाकून ट्रॅफिक मध्येच उलगडावं लागतं. ते मात्र कृपा करून करू नका. तुमच्याकडे क्लायंटच्या बँकेचे, इन्कम टॅक्स पोर्टलचे पासवर्ड टाइप होतात. ते सगळे त्या जुन्या पीसीतून उघडे जाणार, आणि पीसीचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे? तुमच्या नेटवर्कवाल्याकडे.

नेट रांगतं म्हणता, तर कुठलं मशीन किती डेटा ओढतंय एवढंच राउटरवर बघा. साइटची नावं लागत नाहीत. पुष्कळदा विंडोज अपडेट, ड्राइव्हचा बॅकअप, नाहीतर सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग निघतं. आणि २० तारखेला पोर्टलच दमलेलं असलं तर त्याला आर्टिकल काय करणार?

कृषीनगर_जॉगर:
मी अशाच एका ऑफिसात नोकरी करते. वर म्हटलंय की नुसतं नाव कळतं. अहो, नुसतं नावच पुरतं! एखादीने जेवणाच्या सुट्टीत वंध्यत्वाच्या दवाखान्याची साइट उघडली, कोणी नोकरीची बघितली, कोणी सोनेतारण कर्जाची. बारा माणसांत ते पसरायला किती वेळ लागतो? साहेबांच्या मेलवर यादी येणार म्हणे. छोट्या ऑफिसात साहेबांचा मेल निम्म्या वेळा दुसरंच कोणीतरी उघडतं.

२० तारखेला आम्ही रात्री अकरापर्यंत बसतो, तेव्हा घरची वेळ कोणी मोजत नाही. दुपारी दहा मिनिटांत विजेचं बिल भरलं की ती मात्र चोरी.

अंबडवाले दादा, डबा उघडून दाखवता तेव्हा कोण बघतंय ते तुम्हाला समोर दिसतं. इथे तर सांगायचंच नाही म्हणतायत.

शरणपूररोडकर:
ताई, बिल भरा, कोण नाही म्हणतंय! खरी भीती वेगळी आहे. आमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, बॅलन्स शीट असतात. मागे एकाने नोकरी सोडताना क्लायंटची अख्खी यादी नेली. निस्तरायचं कोणी? मी.

पोर्ट_५३:
नेली कशी? मेलवरून?

शरणपूररोडकर:
पेन ड्राइव्ह.

पोर्ट_५३:
मग प्रॉक्सीला काय दिसलं असतं?

अंबड_शिफ्ट:
म्हणून काहीच बघायचं नाही का? पेन ड्राइव्हही बंद करा, नेटही बघा. एकाला सोडलं की दुसरा शिकतो.

वकीलवाडी:
कायद्याचं थोडं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण तुमच्या ऑफिसातल्या राउटरवर काय चालेल, ते त्यावरून थेट ठरत नाही. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा जास्त जवळचा, आणि त्याचं कलम ७ धागाकर्त्यांच्या बाजूने बोलतं: नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान आणि गुपितांची गळती टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरता येते. मात्र कारण हवं. उगाच बघावंसं वाटलं, हे कारण होत नाही. त्याच कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. रोजच्या यादीचा ढीग करून ठेवलात तर तोही तुम्हीच सांभाळायचा माल झाला.

न सांगता बघण्यावर एक परदेशी खटला वाचण्यासारखा आहे. रुमानियातल्या बर्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याने ऑफिसच्या कामासाठी काढलेल्या याहू मेसेंजरवरून भावाशी, होणाऱ्या बायकोशी गप्पा मारल्या. खासगी वापराला कंपनीत बंदी होती, तरी! कंपनीने त्या गप्पा छापून समोर ठेवल्या आणि त्याला काढलं. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. नजर कशी आणि किती ठेवली जाईल, हे त्याला आधी सांगितलेलं नव्हतं, हा त्यातला मोठा मुद्दा. आपल्याला तो निकाल बांधील नाही.

अंबड_शिफ्ट:
बांधील नाही ना? झालं तर.

वकीलवाडी:
बांधील नाही, पण उद्या लेबर कोर्टात तुमच्यासमोर कोणी वाचून दाखवला तर उत्तर तयार ठेवा.

पिंपळगाव_पॅकहाउस:
आम्ही द्राक्ष एक्स्पोर्टवाले. सीझनला ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी पोर्टलवरची कामं, औषधांच्या रेसिड्यूचे रिपोर्ट, कंटेनरचे कागद, सगळं एकाच लाइनवर. बघावं की नाही या वादात मी मालकाच्या बाजूने आहे. पण साइट सरसकट बंद करू नका. यूट्यूब बंद केलं की पोरं बंदी चुकवायला कुठलं तरी फुकट व्हीपीएन (दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेट फिरवणारं सॉफ्टवेअर) टाकतात, आणि मग ऑफिसचा डेटा कोणत्या देशातून फिरून येतो देव जाणे. पाहुण्यांचं आणि मोबाइलचं वायफाय वेगळं करा, त्याचा वेग बांधून टाका, कामाच्या मशीनना पहिला नंबर द्या.

पोर्ट_५३:
वेग बांधण्याला जोरदार अनुमोदन. आणि लॉग ठेवूच नका, असं मी म्हणत नाहीये. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवसांचे लॉग ठेवायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलंय. लॉग ठेवा, पण वाचू नका. काही घडलं, व्हायरस शिरला, फाइल गेली, तरच उघडायचे. तेही दोघांनी मिळून, आणि कोणत्या कारणाने ते लिहून. माझा विरोध त्या रोज संध्याकाळच्या मेलला आहे.

शरणपूररोडकर:
रोजच्या मेलचं सोडतो. वेग बांधायचं उद्याच सांगतो, पेन ड्राइव्हही बंद. नोटीस बोर्डवर दोन ओळी लावेन की ऑफिसच्या नेटचा लॉग ठेवला जातो. पण महिन्यातून एकदा मी बघणार, त्याला कोणाची सही घेणार नाही. दिवसभर शेअर मार्केट करणारा मला कळलाच पाहिजे.

कृषीनगर_जॉगर:
तो त्याच्या अडकलेल्या रिटर्नवरून कळत नाही का? कोणाकडे किती फाइली राहिल्या, हे तुम्हाला रोज दिसतंच की.

शरणपूररोडकर:
कळतं, पण २० तारखेनंतर.

पोर्ट_५३:
बघणारच असाल तर एक राहिलं. तुमचे आर्टिकल एकाच मशीनवर आळीपाळीने बसतात ना, आणि पासवर्ड सगळ्यांना माहीत? मग लॉगमध्ये मशीन दिसेल, माणूस नाही. आधी प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, नाहीतर सकाळच्याचं खापर दुपारच्यावर फुटायचं.