मोबाइल स्टार्टरचे ५० नग शेतात चालू आहेत, आता ५०० ची मागणी. बॉक्सचा मोल्ड (प्लास्टिकचा साचा) काढावा का?

शिरोली_सर्किट:
तीन फेज कृषिपंपासाठी मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारा बॉक्स आहे. ३ ते ७.५ एचपी, जुन्या डीओएल स्टार्टरला (मोटरला थेट लाइनवर घेणाऱ्या साध्या स्टार्टरला) जोडायचा. ५० नग करवीर, कागल आणि हातकणंगले तालुक्यांत बसलेत, त्यातले ७ परत आले. सध्या बॉक्स बाजारात तयार मिळतो तो एबीएस प्लास्टिकचा, भोकं हाताने पाडतो. चार दुकानदार मिळून ५०० नग मागतायत, ६० दिवसांच्या उधारीवर. आम्ही तिघे भागीदार आणि दोन मुलं जोडणीला. नगाचा माल बॉक्ससह २,३०० रुपयांत बसतो, दुकानदाराला ४,००० अधिक जीएसटी. प्रश्न असे: मोल्ड आत्ताच काढावा का, ५०० एकदम करावेत का, आणि पहिला माणूस विक्रीला घ्यावा की जोडणीला?

फेज_उडाली:
५० पैकी ७ म्हणजे १४ टक्के. याच दराने ५०० विकले तर ७० नग परत येणार, आणि तेही वेगवेगळ्या गावांतून, ऐन पाण्याच्या पाळीला. म्हणून मोल्डचा विषय नंतर. आधी ते सातही नग उघडा आणि प्रत्येकाचं कारण कागदावर लिहा. या प्रकारच्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा खालीलपैकीच काहीतरी सापडतं.

रिले. जुन्या डीओएल स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते आणि बोर्डावर बसतो २५० व्होल्टचा रिले (त्या कॉइलला चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच). काही महिने चालतो, मग कॉन्टॅक्ट चिकटतो आणि मोबाइलवरून बंद केलेली मोटर चालूच राहते. एक तर ४४० व्होल्टला मान्य असलेला रिले घ्या, नाहीतर दोन कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये जोडा. ठिणगी मारायला लावलेला आरसी स्नबर (रोधक आणि कपॅसिटरची जोडी) कॉन्टॅक्टला समांतर नको. ०.१ मायक्रोफॅरडमधून ४१५ व्होल्टला साधारण १३ मिलिअँपिअर गळत राहतात, तेवढ्यावर स्टार्टरमधल्या लहान कॉन्टॅक्टरची (मोटरच्या मुख्य स्विचची) कॉइल सुटतच नाही. स्नबर कॉइलला समांतर लावा, आणि त्यातला कपॅसिटर ४४० व्होल्टच्या वरचा हवा. २३० च्या सर्किटमधला इथं फुटतो.

पॉवर सप्लाय. रात्री भार कमी झाला की शेतीच्या लाइनला ४८० व्होल्टसुद्धा दिसतात. रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी झाल्यावर) ते ६८० च्या जवळ जातं. ४५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, दोघांना समान रोधक, आणि स्विचिंगचा मॉस्फेट (ट्रान्झिस्टर) किमान १,००० व्होल्टचा. सहा डायोडचा पूल वापरला तर कुठलीही एक फेज गेली तरी बॉक्स जिवंत राहतो आणि शेतकऱ्याला तसा मेसेज जातो.

फेज गेल्याची ओळख. नुसतं व्होल्टेज मोजत असाल तर इथं फसाल. मोटर फिरत असताना एक फेज उडाली, तर मोटर स्वतःच त्या तारेवर व्होल्टेज तयार करते, आणि मीटरला तिन्ही फेज ठीक दिसतात. तोवर वाइंडिंग जळतं. तिन्ही फेजचा करंट मोजायलाच हवा, दोन सीटींवर (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) भागवू नका.

मॉड्यूल रीसेट होणं. जीएसएमचं मॉड्यूल २जी वर क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या पायाशी हवा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर नसल्यासारखाच. नवीन बॅच ४जी कॅट-१ (कमी वेगाच्या ४जी) मॉड्यूलवर घ्या. जिओला २जी नाहीच, आणि आज बसवलेला बॉक्स पुढची पाचेक वर्षं चालला पाहिजे.

आणि मुंग्या, पाली. ही चेष्टा नाही. विहिरीवरच्या पेटीत ऊब असते म्हणून त्या आत शिरतात आणि ४१५ च्या दोन ट्रॅकमध्ये अडकून मरतात. ट्रॅकमध्ये ८ मिलिमीटर अंतर, मध्ये कापलेली खाच, वरून कन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा संरक्षक थर), आणि ग्लँडचं (वायर आत घ्यायच्या तोंडाचं) रिकामं भोक बूच लावून बंद. वायर नेहमी तळातून, वरून कधीच नाही.

उद्यमनगरचा_हिशेब:
वरच्या उत्तराला जोडून पैशाचं सांगतो. नफा नगामागे १,७०० दिसतोय, पण जोडणी, तपासणी, वाहतूक आणि बदलून द्यायचे नग त्यातूनच जाणार. नफ्याच्याही आधी रोकड अडवेल.

५०० नगांचा माल ११.५ लाख, आणि सुट्या भागांचे पैसे आगाऊ जातात. माल यायला ६ ते ८ आठवडे, जोडणी-तपासणीला महिना, वर ६० दिवस उधारी. पाच महिने साडेअकरा लाख अडकून पडणार. त्यात जीएसटी. ५०० नगांचं बिल २० लाख, १८ टक्क्यांनी ३.६ लाख कर. मालावर भरलेले २.०७ लाख वजा जाता १.५३ लाख पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरायचे. दुकानदाराचा रुपयाही तोवर आलेला नसतो. हा खड्डा लोक हिशेबात धरत नाहीत, आणि चांगला चालणारा धंदा इथंच अडतो.

म्हणून १०० + १५० + २५० अशा तीन बॅच करा. पहिले १०० निम्मे आगाऊ घेऊनच. जो दुकानदार १० नगांचे निम्मे पैसे द्यायला तयार नाही, त्याची १२५ नगांची मागणी खरी धरू नका.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. करार नसेल तर १५ दिवस. उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. म्हणजे ६० दिवसांची उधारी तुम्ही कबूल केली तरी ती कायद्यात बसत नाही. भांडायला नको, बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवस’ एवढंच छापा.

हंगामही बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पंप बंद, त्या काळात माल बनवायचा. ऊस गेल्यावर बिल हातात येतं तेव्हा शेतकरी रोखीनं घेतो, दुकानदाराची उधारीही तेव्हाच फिटते. दसऱ्याला माल दुकानात हवा, म्हणजे सुट्या भागांची ऑर्डर मे महिन्यात.

शिरोली_सर्किट:
सातमधले चार उघडले. दोन रिले चिकटलेले, एकात पाणी, एकात खरंच पाल. मग मोल्ड कधी? पत्र्याची पेटी केली तर?

वाइंडिंग_कट्टा:
हिशेब सोपा आहे. समजा मोल्ड ३ लाखांचा. ५०० नगांवर तो नगामागे ६०० रुपये पडतो, ५,००० वर ६०. शिवाय बोर्डाचा आकार अजून बदलणार आहे, रिले मोठा झाला की मोल्ड पुन्हा तोडायचा. १,५०० नग एकाच बोर्डावर गेले की मोल्ड काढा.

तोवर पत्रा. कोल्हापुरात पत्राकाम, पावडर कोटिंग हाकेच्या अंतरावर मिळतं. सीआरसीए (गुळगुळीत पोलादी पत्रा) १.२ मिलिमीटर, दाराला रबर गॅस्केट, वरचं छप्पर पुढे २० मिलिमीटर आलेलं. दोन गोष्टी विसरू नका: पेटीला आणि दाराला वेगवेगळं अर्थिंग, आणि अँटेना बाहेर. लोखंडाच्या पेटीत अँटेना ठेवली तर रेंज मरते. केबलवर लवचिक कंड्युट (नळी) घाला, उंदीर कुरतडतात.

तपासणी शंभर टक्के नगांची. तीन फेज व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) ३०० ते ४८० व्होल्ट फिरवा, प्रत्येक फेज एकेकदा काढा, मग ५५ अंशाला २४ तास चालू ठेवा. २५ नगांचा रॅक असेल तर १०० नगांना चार दिवस लागतात. घाई झाली म्हणून हे कमी करायचं नाही. आणि लोडशेडिंगनंतर लाइट आली की प्रत्येक नगाने ३० ते १८० सेकंदांतली वेगळी वेळ घेऊन मोटर सुरू करू दे. सगळे पंप एकदम उठले तर रोहित्रावरचं व्होल्टेज बसतं आणि तुमचेच बॉक्स ट्रिप होतात.

पहिला माणूस ना विक्रीचा, ना जोडणीचा. दुरुस्तीचा घ्या. आयटीआय वायरमन, स्वतःची मोटरसायकल, सोबत बदली द्यायचे १० नग. तक्रार आली की ४८ तासांत नग बदलायचा, जुना परत आणायचा, सिरियल नंबरासमोर कारण लिहायचं. शनिवारी तिघा भागीदारांनी ती वही घेऊन बसायचं. बोर्ड बदलायचा निर्णय एकाच्याच हातात ठेवा, तोही बॅच संपल्यावर. प्रत्येक बदलाला बोर्डावर नवा क्रमांक छापा, नाहीतर शेतातला नग कुठला हे फोनवर कळत नाही.

विक्री वाइंडिंगवाला आणि गावचा वायरमनच करतो. मोटर जळाली की शेतकरी आधी त्यालाच विचारतो. बसवायची मजुरी त्याला बिलातच वेगळी द्या.

नदीकाठच्या पंपांसाठी एक करा: पेटीतली तारजोडणी प्लगची ठेवा, चार स्क्रू आणि एक प्लग काढला की बॉक्स हातात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. मोटर वर काढायची गडबड त्याच्या आधीच सुरू होते. ३५ ला तुमच्या सर्व्हरवरून नदीकाठच्या नोंदणीकृत गिऱ्हाईकांना ‘बॉक्स काढून घ्या’ असा मेसेज जाऊ दे, आणि पुरात बुडालेला नग वॉरंटीत नाही हे कार्डावर मराठीत ठळक छापा.