गाडीतली पाण्याची टाकी: रॅचेट पट्टा पुरे की फ्रेमच हवी?

चेसिसवाला
घरपोच गाड्या आणि सोफे धुणाऱ्यांच्या व्हॅन आता पुण्या-मुंबईत जागोजागी दिसतात. बहुतेकांत ड्रायव्हरच्या पाठीमागे ५०० लिटरची टाकी, वरून दोन रॅचेट पट्टे (खटक्याच्या दांड्याने आवळायचे), झाली गाडी तयार. माझं मत: गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेली लोखंडी फ्रेम नसेल, तर अशी टाकी माणसामागे ठेवूच नये.

हिशेब बघा. ताशी ५० किमीला गाडी आदळली आणि नाक अर्धा मीटर चेपलं, तर सरासरी २० जी, म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या वीसपट जोराने पुढे रेटते. म्हणजे ५०० लिटर पाण्याचा पुढे रेटा १० टन. आता पट्टे. वरून टाकलेला पट्टा टाकीला अडवत नाही, फक्त खाली दाबतो. हाताने आवळलेल्या साध्या रॅचेटला ताण येतो ३०० किलोच्या आसपास. दोन पट्ट्यांच्या चार बाजू धरल्या तर फार तर १२०० किलो दाब, वर टाकीचं ५०० किलो. गुळगुळीत पत्र्यावर प्लॅस्टिकचं घर्षण दाबाच्या पाव धरा, तर टाकी धरून ठेवणारं बळ सव्वाचारशे किलो. करकचून मारलेल्या ब्रेकला जेमतेम पुरेल, धडकेला नाही. आणि पट्ट्यावर छापलेले ‘५ टन’ बहुतेक वेळा तुटण्याचे असतात, वापरायचे नव्हेत.

घाटरस्ता
असहमत. या गाड्या शहरात ३० ने फिरतात. ५० वरून ३० वर आलात की धडकेतली ऊर्जा एक तृतीयांशाच्या थोडीच वर उरते. टाकीखाली रबरी मॅट घाला, घर्षण दुपटीहून वाढतं. पट्टे नुसते वरून टाकता कशाला? एक टाकीच्या पुढून आडवा घ्या आणि मागच्या हुकांना ओढा.

खरी भानगड वजनाची आहे. ५०० लिटर म्हणजे नुसतं पाणी. टाकी, पंप, होज रील, बॅटरी मिळून सत्तर-ऐंशी किलो, दोन माणसं दीडशे, त्यात तुमच्या फ्रेमचे पन्नास. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून बघा. लहान व्हॅन तिथेच नापास होईल. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० दंड, शिवाय जादा टनामागे २,०००. गाडी ब्रेकला थांबलीच नाही तर फ्रेम काय कामाची?

चेसिसवाला
वजनाचं शंभर टक्के मान्य. मग पाणी कमी करा, फ्रेम नको. म्हणजे फ्रेम काढू नका म्हणतोय! ३०० लिटर बसवा.

३० चा मुद्दा मात्र फसवा आहे. इंजिन सीटखाली असलेल्या व्हॅनला नाकच नसतं. ३० सेंटीमीटर चेपलं तरी १२ जी होतात, म्हणजे ५०० लिटरला ६ टन. तुमचा आडवा पट्टा ज्या हुकांना बांधणार, ते हुक पातळ पत्र्यात दोन स्क्रूंवर उभे असतात.

नटबोल्ट
दोघेही वरवर भांडताय. बोल्ट क्वचित तुटतो, फाटतो तो पत्रा. १२ एमएमचा ८.८ ग्रेडचा एक बोल्ट कातरायला सुमारे ४ टन लागतात, चार लावले की १६. पण फ्लोअरचा पत्रा एक एमएमच्या आसपास. नुसता वॉशर लावला तर बोल्ट भोकासकट वर येतो. म्हणून:

खालून १०० बाय १०० ची, ५-६ एमएम जाडीची पट्टी. जमेल तिथे बोल्ट क्रॉस मेंबरमधून, म्हणजे फ्लोअरखालच्या आडव्या दांड्यातून. पोकळ मेंबरमध्ये आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना तो चेपतो. ड्रिल मारण्याआधी खाली वाकून ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघा. भोकाच्या कडेला प्रायमर, वरून सीलंट. इथे सतत पाणी सांडतं, गंज तिथूनच सुरू होतो. सीटबेल्टच्या बोल्टला फ्रेम अडकवायची नाही.

टाकीच्या पुढे ॲंगलची ठोकर हवीच, निदान अर्ध्या उंचीपर्यंत. ती नसेल तर टाकी पुढे कलंडते आणि सगळा ताण मागच्या दोन बोल्टवर येतो. ड्रायव्हरमागचं पार्टिशन म्हणजे ठोकर नव्हे, तो नुसता पत्रा.

घाटरस्ता
ठोकर पटली. पण घरांच्या छतावर असते तसली गोल उभी टाकी फ्रेममध्ये घातली तरी निम्मी झाल्यावर वळणावर पाणी एका अंगाला जाणारच. तिला आत आडपडदे नसतात. आणि फ्रेम म्हणजे आरटीओत गाडीतल्या बदलांच्या कलम ५२ वरून हुज्जत, ती वेगळी.

नटबोल्ट
गोल टाकी गाडीसाठी नाहीच. बुटकी, चपटी, आडपडद्यांची घ्या. किंवा २५० च्या दोन, मध्ये व्हॉल्व्ह. एक पूर्ण संपवूनच दुसरी उघडायची, म्हणजे एका वेळी एकीतच पाणी हिंदकळतं.

घाटरस्ता
आधी कुठली संपवायची? पुढची ना, ड्रायव्हरजवळचं ओझं कमी होईल.

नटबोल्ट
नाही, मागची. ती मागच्या आसाच्या पलीकडे असेल तर पुढची आधी रिकामी केल्यावर स्टिअरिंग हलकं पडतं, ओल्या रस्त्यावर जास्तच.