मदत हवी आहे: घरी सुटतं, परीक्षेत सुटत नाही (अभियोग्यता चाचणी)

तिसराप्रयत्न:

नमस्कार मंडळी,

बरेच महिने वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने धागा काढतोय. सरकारी लिपिक पदासाठी अर्ज केला आहे आणि त्याची अभियोग्यता चाचणी सात आठवड्यांवर आली आहे. हा तिसरा प्रयत्न. वय २९, त्यामुळे पुढच्या संधी मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात.

स्वरूप असं: संगणकावर १०० प्रश्न, ९० मिनिटं. अंकगणित, तर्क, आकृत्या, आकलनाचे उतारे. बरोबर उत्तराला १ गुण, चुकलं तर पाव गुण वजा, सोडलं तर शून्य.

पहिल्या वेळी चौदाव्या प्रश्नाने घात केला. गोल टेबलाभोवती आठ जण, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर. कच्च्या कागदावर वर्तुळ काढलं, सहा जण बसले, सातवा बसेना. खोडलं, पुन्हा बसवले. आता सातवा बसला तर तिसरा उठला! चिडून तिसरं वर्तुळ काढलं, तेव्हा कुठे पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. ११ मिनिटं गेली होती. त्यानंतर वाचलेलं डोक्यात शिरेना, एकच ओळ चारचारदा वाचत होतो. शेवटी ५८ प्रश्न झाले. ४९ बरोबर, ९ चूक, म्हणजे ४६.७५.

दुसऱ्या वेळी सगळ्यांनी बजावलं, काहीही सोडू नकोस. म्हणून शेवटच्या काही मिनिटांत जे उरलं ते डोळे झाकून ठोकलं. १०० पैकी १०० सोडवले, गुण ४५. म्हणजे वर्षभर घासून पावणेदोन गुणांनी मागे आलो. त्या वेळचा कट-ऑफ ५७.५० होता.

घरी घड्याळ न लावता बसलो तर ८५ कुठे जात नाहीत. मग अंदाजाने ठोकायचं की नाही? वेग कसा वाढवायचा? आणि तो सातवा माणूस बसला नाही की होणाऱ्या घाबरगुंडीचं काय करायचं?

खोडरबर:

दुसऱ्या वेळची रिस्पॉन्स शीट (आपण दिलेल्या उत्तरांची प्रत) उतरवून घेतली होती का? असेल तर चुकलेल्या ४४ प्रश्नांच्या तीन राशी करा. मुळात येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, आणि वाचलंच नव्हतं. या राशी समोर आल्याशिवाय कुणीही दिलेला सल्ला म्हणजे नाडी न बघता दिलेलं औषध.

शॉर्टकटसम्राट:

माझ्याकडे ५०० ट्रिक्सची पीडीएफ आहे. कुठलाही प्रश्न १० सेकंदांत. व्यक्तिगत निरोप करा.

खोडरबर:

@शॉर्टकटसम्राट, ५०० ट्रिक्सपैकी या प्रश्नाला कुठली लावायची हे ठरवायला किती सेकंद लागतात? (कृपया हलके घ्या.)

तिसराप्रयत्न:

खोडरबर, शीट उतरवून ठेवली होती पण उघडली नव्हती. खरं सांगायचं तर हिंमतच झाली नाही. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून उघडली.

न वाचता ठोकलेले ३१. त्यातले ६ लागले, २५ चुकले.
नीट वाचून सोडवलेले ६९. त्यात ५० बरोबर, १९ चूक.
या १९ मधले ८ मला आजही येत नाहीत. उरलेले ११ बघून मात्र स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. एक प्रश्न होता, ‘खालीलपैकी कोणते विधान चूक नाही?’ मी इमानेइतबारे चुकीचं विधान शोधून त्यावर टिचकी मारली. दुसरा घड्याळाचा, ३ वाजून ४० मिनिटांनी काट्यांमधला कोन किती. मी तासकाटा तीनवर, मिनिटकाटा आठवर धरला आणि १५० अंश लिहून पुढे गेलो. तासकाटा त्या ४० मिनिटांत २० अंश पुढे सरकलेला असतो हे मला शाळेपासून माहीत आहे. उत्तर १३०. आणि १५० हा पर्याय पहिल्याच नंबरला हजर होता!

गणितमास्तर:

तो हजर असणारच. चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. पेपर काढणारा आधी स्वतः मुद्दाम चुकतो, म्हणजे तासकाटा हलवायला विसरतो, शेकडा नफा विक्रीवर काढतो, आणि जे उत्तर येतं ते पर्यायात टाकतो. त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायात आहे म्हणजे बरोबर असेल’ हा दिलासा या परीक्षेत धरायचा नाही.

आता ठोकाठोकीचा हिशेब. चार पर्याय आणि पाव गुण वजा असेल तर डोळे मिटून ठोकलेल्या चार प्रश्नांत सरासरीने एक लागतो, तीन चुकतात. १ मधून ०.७५ गेले, पाव गुण हातात. पर्याय पाच असतील तर एक लागतो, चार चुकतात, हिशेब शून्य. चार पर्याय आणि एक तृतीयांश वजा असेल तरीही शून्यच. म्हणून सूचनांमधली ती एक ओळ आधी वाचायची. आणि चारपैकी एक पर्याय खात्रीने कटला की चित्र बदलतं. अशा तीन प्रश्नांत एक लागतो, दोन चुकतात, पाव गुणाच्या दंडातही अर्धा गुण शिल्लक राहतो. ही सगळी सरासरी आहे, एखाद्या दिवशी फासे उलटेही पडतात.

तुमचे उलटेच पडले. ६ लागले, २५ चुकले, म्हणजे ६ वजा ६.२५. ठोकाठोकीने तुमचं नुकसान किती केलं? पाव गुण! वर्षभर तुम्ही ज्याला दोष देताय त्याने फक्त पाव गुण खाल्ला.

खरा चोर ते ११ प्रश्न. प्रत्येकामागे मिळणारा १ गेला आणि वर पाव कापला गेला, म्हणजे सव्वा. ११ गुणिले १.२५ बरोबर १३.७५. ते तुमच्या ४५ मध्ये मिळवा. ५८.७५. कट-ऑफच्या वर.

तिसराप्रयत्न:

मास्तर, हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो होतो.

जुनीजाणती:

मी चौथ्या प्रयत्नात लागले, त्यामुळे थोडं हक्काने लिहिते.

तुझ्या पोस्टमध्ये मला वेग कमी असल्याचं कुठेच दिसत नाही. ९० मिनिटांत १०० म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. ११ मिनिटं म्हणजे बारा प्रश्न. एका प्रश्नापायी बारा गेले आणि मग घाबरून पुढचेही बिघडले. तुला सोडता येत नाही, एवढंच दुखणं आहे. शाळेत ‘अर्धवट टाकून उठायचं नाही’ हे आपल्या अंगात मुरवलेलं असतं, इथे नेमकं तेच नडतं.

‘एक मिनिट झालं की पुढे जा’ हा नियम मला कधीच पाळता आला नाही, कारण दर प्रश्नाला घड्याळ बघायचं म्हणजे अर्धं लक्ष तिकडेच. मी घड्याळाऐवजी कागद बघायला लागले. कच्च्या कागदावर नवीन काही लिहिलं जातंय तोवर बसायचं. हात थांबला, किंवा आधीचंच पुन्हा गिरवायला लागला, की प्रश्नाला खूण करायची आणि उठायचं. तुझ्या बाबतीत पहिलं वर्तुळ खोडलंस तीच उठायची वेळ होती.

एकूण तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत प्रश्न वाचताच वाट दिसली तरच हात घालायचा, आणि शंभराव्या प्रश्नापर्यंत पोचायचंच. माझी ही फेरी साधारण ५० मिनिटांत होई. दुसरीत खूण केलेले. परत आल्यावर त्यातले काही आपोआप सुटतात, का ते मला विचारू नकोस. शेवटची पाच मिनिटं मास्तरांच्या हिशेबाला.

अवांतर: आकलनाच्या उताऱ्यात आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. आणि उत्तर उताऱ्यात आहे तेच द्यायचं, आपल्याला बाहेरून जास्त माहिती असली तरी.

शून्यमिनिटे:

ताईंशी बरंचसं सहमत, पण बैठक व्यवस्थेबद्दल नाही. एका मांडणीवर बहुतेक वेळा तीन ते पाच प्रश्न असतात. मांडणी चार मिनिटांत बसली आणि त्यावर पाच प्रश्न असले तर तो स्वस्त सौदा आहे. वर्तुळ दिसलं की पळ काढणारेही गुण घालवतात. आत शिरायचं की नाही हे विधानं बघून ठरवा. ‘क हा ग च्या बरोबर समोर आहे’ असं पक्कं विधान असेल तर शिरा. सगळीच विधानं ‘च च्या शेजारी नाही’, ‘छ किंवा ज यांच्यापैकी एक’ अशी नकारार्थी आणि अधांतरी असतील तर ते शेवटी.

शिरल्यावर पक्क्या विधानापासून सुरुवात करा, छापलेल्या क्रमाने नाही. आणि दिशेचा घोळ कायमचा मिटवा: तोंड आत असेल तर डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तोंड बाहेर असेल तर उलट. मी वर्तुळावर प्रत्येकाच्या नावाला आत किंवा बाहेर छोटा बाण काढतो. त्या बाणाने मला जितके गुण दिले तितके कुठल्या पुस्तकाने दिले नसतील.

तिसराप्रयत्न:

@शून्यमिनिटे, आत्ता तोच प्रश्न आठवून काढून पाहिला. सातव्याचं तोंड बाहेर होतं आणि मी त्याचा डावा हात आतल्यासारखाच धरला होता. तीन वर्तुळं काढली, तिन्हींत तीच चूक.

जुनीजाणती:

शून्यमिनिटे, पक्क्या विधानाचा मुद्दा मान्य. तरी याला पहिल्या फेरीत तरी वर्तुळाला हात लावू देऊ नये असंच माझं मत आहे. जित्याची खोड.

मनोव्यापार:

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. कागद-पेन्सिलीच्या सामूहिक चाचण्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरल्या गेल्या त्या १९१७ मध्ये, अमेरिकी सैन्यात. रॉबर्ट यर्क्स यांच्या समितीने वाचता येणाऱ्यांसाठी आर्मी अल्फा आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची आर्मी बीटा तयार केली. कमी वेळात लाखो माणसं चाळायची होती. आजच्या भरती चाचण्या त्याच घराण्यातल्या. यातल्या बऱ्याच चाचण्यांत वेळ मुद्दामच अपुरा ठेवलेला असतो, बहुतेकांचा पेपर पुरा होऊ नये अशीच रचना असते. त्यामुळे ‘माझे ३० राहिले’ यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारच्याचेही राहिलेले असतात. घाबरगुंडी बरीचशी इथूनच सुरू होते की सगळे पुढे गेले आणि मीच मागे.

सरावाने गुण वाढतात हे खरं, पण सराव कशाचा हे महत्त्वाचं. घड्याळ न लावता ८५ आणणं हा वेगळ्याच परीक्षेचा सराव आहे. आठवड्यातून दोन पूर्ण पेपर, खुर्चीत बसून, शक्यतो तुमच्या चाचणीच्याच वेळेला, मध्ये न उठता. आणि त्याच्या दुप्पट वेळ चुका तपासायला. तिसरा पेपर देण्यापेक्षा दुसरा नीट तपासणं जास्त देऊन जातं.

आकृत्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: तीन बाय तीन चौकटींतली शेवटची रिकामी जागा भरायची, हा प्रकार जॉन रेव्हन यांच्या १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीमुळे रूढ झाला. संपूर्ण आकृतीकडे टक लावून बसलात तर काही दिसत नाही. एका वेळी एकच गुणधर्म बघा. आधी फक्त रेषांची संख्या, मग फक्त फिरण्याची दिशा, मग फक्त भरलेला-रिकामा भाग. प्रत्येक वेळी एखाददुसरा पर्याय कटतो.

तिसराप्रयत्न:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत आलोय, मधे मुद्दाम इथे फिरकलो नाही.

ते ११ प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवले. प्रश्नातला ‘नाही’, ‘वगळता’, ‘किमान’ हे शब्द कच्च्या कागदावर लिहूनच पुढे जायचं अशी सवय लावतोय. पडद्यावर अधोरेखित करता येत नाही ना. पहिले दोन पेपर वाईट गेले, कारण सोडून उठलेला प्रश्न मनात घोळत राहायचा. तिसऱ्या पेपरात एक वर्तुळ आलं. बाण काढले, पाच जण बसले, हात थांबला. उठलो. शेवटी परत आलो तर अडीच मिनिटांत सुटलं.

कालच्या पेपरात ७१ सोडवले, ६० बरोबर, ११ चूक. ५७.२५. जुन्या कट-ऑफला पाव गुण कमी! मास्तर, हसू नका.

गणितमास्तर:

हसत नाही. २९ सोडलेत ना? त्यातल्या किती प्रश्नांत एक तरी पर्याय खात्रीने कटत होता, ते मोजा आणि सांगा.

तिसराप्रयत्न:

आत्ताच मोजले. नऊ.

आणखी एक शंका. चाचणीनंतर व्यक्तिमत्त्व प्रश्नावली आहे. तिच्या नमुन्यात ‘मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही’ हे विधान शब्द फिरवून तीनदा आलंय. ‘पूर्णपणे सहमत’ लिहायचं ना?

मनोव्यापार:

नको! असली विधानं बहुधा स्वतःला फार उजळ दाखवणारे ओळखायला टाकलेली असतात. खरं असेल ते लिहा आणि तिन्ही ठिकाणी तेच लिहा.