कॅमेरा कोणाच्या हातात?

व्हीआर गेममध्ये (हेडसेट घालून आभासी जगात खेळायचे गेम) कथा आपोआप जास्त भिडते असं म्हणतात, पण ते अर्धंच पटतं. हेडसेटमध्ये कॅमेरा म्हणजे तुमचीच मान. गेमने ती परस्पर फिरवली की डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवत नाही, आणि मळमळतं. म्हणूनच ‘रेझिडेंट ईव्हिल ४’च्या क्वेस्ट २ या व्हीआर हेडसेटसाठीच्या आवृत्तीत (२०२१) कटसीन (कथा सांगणारे, फक्त बघायचे प्रसंग) चक्क समोरच्या सपाट पडद्यावर दिसतात. तिथे व्हीआरचा फायदा शून्य! ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ (२०२०) हा गेम मात्र मुळातच व्हीआरसाठी रचलेला, त्यामुळे तिथे कथा तुमच्याभोवती घडते.

मळमळ टाळायला नवख्यांनी टेलिपोर्ट (चालण्याऐवजी थेट दुसऱ्या जागी उडी) आणि स्नॅप टर्न (सलग न वळता ठरावीक कोनात झटक्यात वळणं) चालू ठेवा. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवताना, प्रत्येक फ्रेम (एक चित्र) तयार करायला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. फ्रेम वेळेत तयार न होता गळू लागल्या तर आधी सावल्यांची सेटिंग उतरवा. तासन्‌तास संवाद वाचायचे आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) मात्र मॉनिटरवरच बरे.