फाउंडेशन मालिका: सातही वाचायची की तिनावर थांबायचं?

भाची दहावीच्या सुट्टीत असिमोव्हची 'फाउंडेशन' ही विज्ञानकथांची मालिका वाचणार आहे. सात पुस्तकं आहेत. मी म्हणते, १९५१ ते १९५३ मधली पहिली तीनच द्यावीत. फाउंडेशन या विद्वानांच्या वसाहतीचा महापौर सॅल्व्हर हार्डिन शेजारच्या तीन राज्यांचा धाक दाखवून चढाई करू पाहणाऱ्या अ‍ॅनाक्रिऑनला परतवतो, एकही गोळी न झाडता! मालिकेचा जीव तिथे आहे. १९८२ पासूनच्या चार पुस्तकांत ती चमक मला दिसत नाही.

निशाचर: अजिबात पटलं नाही. कथाक्रमात सगळ्यात आधीच्या 'प्रिल्यूड'पासून सुरुवात करा. पहिल्या पुस्तकात सेल्डन, म्हणजे साम्राज्याचा ऱ्हास आधीच ओळखून फाउंडेशन उभं करणारा गणिती, पहिल्या प्रकरणापुरता भेटतो, पुढे त्याची फक्त ध्वनिचित्रफीत. दर प्रकरणात काही दशकं उलटतात, माणसं बदलतात. माझ्या मुलाने ते अर्ध्यात सोडलं. 'प्रिल्यूड' ही साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावरच्या, ट्रँटरवरच्या, तरुण सेल्डनच्या पळापळीची सलग गोष्ट आहे, पंधराव्या वर्षी ती हातातून सुटत नाही.

पानगळ: निशाचर, पण मग सेल्डनने गुपचूप वसवलेल्या दुसऱ्या फाउंडेशनचं कोडं उरतं कुठे? ते कोण, कुठे लपलेत, याच प्रश्नावर तिसरं पुस्तक उभं आहे. 'प्रिल्यूड'नंतर मुलगी साहजिकच त्याच्या पुढचा भाग 'फॉरवर्ड' उचलणार, आणि त्यात उत्तर बरंचसं हाती येतं. ही दोन्ही असिमोव्हने शेवटी लिहिली, 'फॉरवर्ड' तर त्याच्या मृत्यूनंतर १९९३मध्ये आलं. म्हातारा, एकेक माणूस गमावणारा सेल्डन आधीची सगळी वाचलेल्यालाच भिडतो. मी ते रडत संपवलंय.

ध्रुवतारा: तिनावर थांबणंही चूक. नवं साम्राज्य उभारायची सेल्डनची योजना हजार वर्षांची, आणि तिसरं संपतं तेव्हा चारशेही झालेली नसतात. ही योजना मुळात यशस्वी व्हावी का, हा प्रश्न चौथ्यात पहिल्यांदा नीट विचारला जातो. त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पाचवं मात्र यंत्रमानवांच्या कादंबऱ्या वाचल्याशिवाय देऊ नका, शेवट डोक्यावरून जाईल.

धागाकर्ती: ध्रुवतारा, योजनेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. तिसरं संपवून तिने आपणहून मागितलं तर चौथं देईन. 'प्रिल्यूड' आधी नाही म्हणजे नाही.

निशाचर: आणि पहिल्याच पुस्तकात अडकली तर? मग तरी द्याल ना?