कॅट काढला तर मायलेज वाढतं का?

गाडी पेट्रोल, १ लाख २० हजार किमी झालेत. मेकॅनिक म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) काढून सरळ पाइप टाकू, ईजीआर (थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पण ब्लॉक करू, इंजिन मोकळा श्वास घेईल न मायलेज वाढेल. खरंय का हे?

प्रतिसाद १
कॅट चोंदला असेल तरच फरक पडेल, आणि तो नवीन कॅट टाकूनही पडतोच की. चांगल्या कॅटचा अडथळा नेहमीच्या चालवण्यात नगण्य असतो. ईजीआरला तर हात लावूच नका, पेट्रोलमध्ये हलक्या लोडला तो थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडा ठेवायला मदत करतो म्हणजे उलट पेट्रोल वाचतं, ब्लॉक केला की सिलिंडरमधलं तापमान वाढतं, नॉकिंग (इंजिनात ठोके) होतं, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पिकअप पण जातो.

प्रतिसाद २
मी केलाय हा उद्योग 😅 दोन दिवसात चेक इंजिन लाइट, स्कॅनरवर पी०४२० (कॅट नीट काम करत नाही असा कोड). आवाज डब्यात खिळे हलवल्यासारखा, मायलेज जिथल्या तिथे. वर पीयूसीत नापास.

प्रतिसाद ३
१९७५ च्या आसपासच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांवरून आलेली समजूत आहे ही. आता ईसीयू कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो, कॅट असो नसो. डिझेलच्या डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) वेगळं, तो काजळी जाळायला जादा डिझेल खातो, पण काढणं बेकायदेशीरच.

मूळ प्रश्नकर्ता
बरं मग आधी बॅकप्रेशर (कॅट चोंदला तर एक्झॉस्टमध्ये वाढणारा दाब) चेक करून घेतो, न प्लग बघतो.