‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ म्हणावे का?

प्रश्न : लिनक्स कर्नलमध्ये (या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात) नव्या एम्बेडेड इथरनेट स्विचचा, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या आणि जाळ्यातली माहिती योग्य तारेवर पाठवणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर (ती चिप वापरता येण्यासाठी लागणारा प्रोग्राम) कसा घालावा, यावर नागपुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठी टिपण लिहीत आहे. ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ आणि ‘सपोर्ट’ला ‘आधार’ हे शब्द आपल्याला योग्य वाटतात का?

उत्तर : ‘आधार’ वगळावा. आधार पडणाऱ्याला देतात. इथे कर्नलला अनोळखी असलेली चिप वापरता येऊ लागते, म्हणून ‘कर्नलमध्ये या स्विचची सोय केली’ हे सरळ मराठी आहे.

‘चालक’ मात्र अर्थालाच धक्का लावतो. प्रिंटरच्या बाबतीत तो निभावतो, कारण छापायचे प्रत्येक पान ड्रायव्हरच्या हातून जाते. स्विचचे तसे नाही. अशा स्विचांसाठी 2008 साली, लिनक्सच्या 2.6.28 या आवृत्तीत, डिस्ट्रिब्युटेड स्विच आर्किटेक्चर ही चौकट आली. तिच्यात चिपचे प्रत्येक पोर्ट, म्हणजे तार जोडण्याची जागा, कर्नलला लॅन1, लॅन2 असे स्वतंत्र इंटरफेस म्हणून दिसते, आणि ड्रायव्हर एमडीआयओ किंवा एसपीआय या चिपशी बोलण्याच्या छोट्या जोडण्यांवरून चिपच्या रजिस्टरांत (तिच्या आतल्या नोंदींच्या खणांत) आकडे लिहून वाटा आखून देतो. दोन पोर्ट एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे एकाच जोडगटात, घेऊन त्यांच्यात देवाणघेवाण करण्याचे काम चिपकडे सोपवले, की त्यांच्यामधल्या फ्रेम (माहितीचे गठ्ठे) चिप स्वतःच पुढे धाडते आणि त्या प्रोसेसरपर्यंत येतही नाहीत. चालक गाडीत बसलेला असतो. हा ड्रायव्हर गाडीत नसतोच.

हे काम करणारा माणूस आपल्या शहराच्या चांगल्या ओळखीचा आहे : सांधेवाला. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर रूळ रुळांना छेदतात, पण तेवढ्याने गाडी एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला लागत नाही. त्यासाठी सांधा लागतो, आणि इंग्रजीत रेल्वेच्या त्या सांध्यालाही ‘स्विच’च म्हणतात. सांधेवाला सांधा लावून बाजूला होतो, गाडी आपल्या वेगाने निघून जाते. म्हणून टिपणात ‘ड्रायव्हर’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे सांधेवाल्याचे उदाहरण द्यावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : मग प्रोसेसरकडे जाणाऱ्या फ्रेमवरच्या ‘टॅग’ला ‘खूण’ म्हणू का?

उत्तर : ‘चिठ्ठी’ म्हणावे. सगळ्या पोर्टांवरून प्रोसेसरसाठी आलेल्या फ्रेम एकाच सामाईक वाटेने आत येतात, त्यामुळे कोणती फ्रेम कोणत्या पोर्टावरची हे सांगणारे काही बाइट चिप त्यांना जोडते. मार्व्हेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ पद्धतीत ते 4 आहेत. कर्नल ते वाचतो, काढतो आणि मगच फ्रेम वर सोपवतो. खूण अंगावर राहते. चिठ्ठी लावतात आणि मुक्कामी काढून घेतात.